फक्त पाच मिनिटं

आज मारबत हुकली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि दोघी वाटेत भेटतात, ती. म्हणजे मी तिथेच होतो, नेहरू पुतळ्यापासून पन्नास पावलांवर. पोरगी खांद्यावर, दीड तासापासून घामाच्या धारा. इकडून जागनाथ बुधवारीची पिवळी येऊन राहिली, तिकडून काळी, मागे बडग्यांची, म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींच्या पुतळ्यांची, रांग, आणि ढोल असे की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. आणि खिशात फोन थरथरला. साहेब. नाही उचलला. परत वाजला, नाही उचलला. तिसऱ्यांदा उचलला.

"कुठं आहेस? कसला आवाज आहे बे? फक्त पाच मिनिटं दे."

पोरगी साळ्याच्या खांद्यावर दिली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर एक कान दाबून उभा राहिलो. पाचाची बावीस मिनिटं झाली. विषय काय, तर सोमवारी जे पाठवायचं आहे ते सोमवारी जाईल ना! हो जाईल, असं मी चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. परत आलो तर दोघीही भेटून पुढे गेलेल्या, रस्त्यावर चपला आणि गुलाल. पोरगी म्हणाली, "पप्पा, भेटल्या न त्या. तुम्ही पाहिलंच नाही." रडली नाही. मला माहिती दिल्यासारखं सांगितलं.

इथवर मी गप्प होतो. पण संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी माझं नाव घेऊन टाकलं: "सणाच्या दिवशीही अव्हेलेबल. याला म्हणतात डेडिकेशन." खाली अठरा अंगठे. त्यातले चार या पोस्टवरही येतील, ओळखतो मी तुम्हाला.

काहून बाप्पा? कशाचं डेडिकेशन? घाबरून उचलला फोन.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग होती, जुन्या मित्रांना माहीत आहे. डिसेंबर लागला की बाबा बागेचं पाणी बंद करायचे. ताण देणं म्हणतात त्याला. महिना-दीड महिना थेंब नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, कडा आत वळतात, थोडी गळतातही. मी नऊ वर्षांचा होतो आणि मला ते बघवत नव्हतं. विहिरीजवळ कोपऱ्यात एक झाड होतं, ते मी माझं धरलेलं. शाळेतून आलो की कोणी नाही बघून त्याच्या आळ्यात दोन बादल्या ओतायचो. रोज. बाकी बाग मरगळलेली आणि माझं झाड हिरवंगार. काय अभिमान मला! बाबांना दिसत असणारच, पण ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी आळी चाळली, खत घातलं, पाणी सोडलं. ताण तोडला. फेब्रुवारीत बाग पांढरी झाली, आंबिया बहार असा की वासानं डोकं जड व्हावं. आणि माझं झाड? नुसता पाला. फुलं बोटावर मोजण्याइतकी. बाबा त्याच्या खोडावर हात ठेवून म्हणाले, "तुनं त्याले झोपूच देल्लं नाही न बाप्पा."

आज दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे.

गंमत पहा, शब्द तोच. बागेत ताण म्हणजे झाडाला त्याच्या हालावर सोडायचं. ऑफिसात ताण म्हणजे माणसाला क्षणभरही सोडायचं नाही. आणि बागेत ताण तोडायचा दिवस ठरलेला असतो, बाबा बोटांवर दिवस मोजायचे. आमच्याकडे कोण मोजतं?

मोजतात ते वेगळंच. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९० वर गेले, वर विचारलं की घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत बसणार. ९० म्हणजे रविवारची सुट्टी धरली तर रोजचे पंधरा तास. मी तर म्हणतो पाहावं हो बायकोकडे. माझी आज मला म्हणाली, "तुमचा चेहरा फोनच्या उजेडातच दिसते मले."

हा रविवारही कोणी दानात दिलेला नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षं भांडले तेव्हा १० जून १८९० ला गिरणी कामगारांना तो मिळाला. ४८ तासांचा आठवडा कायद्यात आला १९४६ ला, मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं तेव्हा. दीक्षाभूमीच्या गावात हे मी सांगायची गरज आहे का? आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाला नऊचे बारा तास करायला मंजुरी दिली, तेव्हा आपण काय केलं? मी तर बातमी फॉरवर्ड केली. रात्री साडेअकराला. ऑफिसातून.

हौ, माहीत आहे. माझी नोकरी मिहानात, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या वसाहतीत, एसीत आहे, पगार एक तारखेला पडतो. आज त्याच गर्दीत जो पाण्याच्या बाटल्या विकत होता त्याला कोणती सुट्टी? मान्य. पण त्याला सुट्टी नाही म्हणून मीही घेऊ नये, हे गणित मला नाही समजत. आणि क्लायंटचा दिवस म्हणजे आपली रात्र, हेही मान्य. पण आज तिकडे कोणीही जागं नव्हतं. जागे फक्त आमचे साहेब होते.

अरे, हे मे महिन्यात दुपारी कुत्रं नालीतून उठत नाही असं गाव आहे! दोन ते चार कूलरसमोर आडवं व्हायचं, शेजाऱ्याच्या घरची बेल वाजवायची नाही, हे शिकवावं लागत नसे इथे. बैलाचासुद्धा परवा खांदा शेकला, काल जू नाही. तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी घेऊन पोरं आज बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत दारोदार फिरली. माझ्या पोरीसोबत तिची आई गेली. मी लॅपटॉपवर. पुढच्या वर्षी मी बडग्या करणार आहे, 'क्विक कॉल'चा. भला मोठा, कानाला फोन लावलेला. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. साहेब वाईट माणूस नाही. त्यालाही वरून कोणीतरी विचारत असेल, सोमवारी जाईल ना? त्याला बाग मरगळलेली दिसली की तो बादली घेऊन धावतो. मीही धावलोच होतो. नऊ वर्षांचा होतो हे खरं, पण आता बेचाळीसचा आहे आणि अजूनही तेच करतो.

कारण गेल्या रविवारी मी आमच्या टीममधल्या नव्या मुलीला फोन केला होता. मागे कुकरची शिट्टी वाजत होती, कोणीतरी हसत होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? "फक्त पाच मिनिटं."

आणि आज रात्री नऊला, या पोस्टची पहिली ओळ लिहायच्या आधी, तिलाच मेसेज टाकला होता: उद्या जमलं तर ती फाईल बघून ठेवशील का. जमलं तर, म्हणे.

आत्ता जाऊन डिलीट केला. सव्वाअकरा वाजलेत.

अर्ध्या मिनिटात तिचा मेसेज आला. "सर, काही होतं का?"