आयर्लंडचे पवित्र झरे खरोखर ‘बळकावलेले’ आहेत का?

आयर्लंडमधील पवित्र विहिरींविषयी एक दावा समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : या साऱ्या विहिरी मुळात ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या ड्रुइड नावाच्या पुरोहितांच्या होत्या, चर्चने त्या बळकावून त्यांना संतांची नावे चिकटवली, तेथे घातली जाणारी प्रदक्षिणा हा वैदिक संबंधाचा पुरावा आहे, आणि झाडाला रंगीत फीत बांधून इच्छा मागितली की आपण त्या मूळ धर्माशी जोडले जातो. यातले जवळजवळ प्रत्येक विधान एखाद्या खऱ्या गोष्टीला धरून सुरू होते आणि मग भलतीकडे जाते, म्हणून ते एकदम झटकून न टाकता एकेक तपासलेले बरे.

आधी शब्दाविषयी. ‘विहीर’ म्हटले की आपल्यापुढे रहाट आणि खोल पाणी उभे राहते. आयरिश भाषेत जिला ‘टोबर’ म्हणतात ती बहुतेक ठिकाणी जमिनीतून पाझरणारा झरा असते. भोवती दगड रचलेले असतात आणि वाकून ओंजळीत घेता येईल एवढ्यावर पाणी असते. अशी सुमारे ३,००० स्थाने त्या बेटावर आहेत, आणि एवढ्या संख्येविषयी ‘साऱ्या’ असे म्हणणाऱ्यावर पुराव्याची मोठी जबाबदारी येते.

तो पुरावा अगदीच नाही असे नाही. सातव्या शतकात तिरेखान नावाच्या धर्माधिकाऱ्याने आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या संत पॅट्रिकच्या प्रवासाचे वृत्त लिहिले, त्यात ‘स्लान’ नावाच्या एका झऱ्याचा उल्लेख आहे. ड्रुइड त्याला देवासारखा मान देत आणि त्याला भेटी अर्पण करीत, असे तो सांगतो. हा उल्लेख मोलाचाच आहे. पण तो एका झऱ्याविषयी आहे, पॅट्रिकनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेला आहे, आणि पॅट्रिकचा विजय दाखवण्यासाठी लिहिलेला आहे. दुसरीकडे, अनेक झरे जुन्या मठांच्या अगदी शेजारी आहेत, आणि मठाला प्यायलाही पाणी लागे व बाप्तिस्म्यालाही. स्लायगोजवळच्या टोबरनॉल्टसारख्या ठिकाणाची आठवण तर विशेषकरून त्या काळाशी बांधलेली आहे, जेव्हा कॅथलिकांवर निर्बंध होते आणि तेथे उघड्यावर, दगडाची वेदी करून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, होत असे. म्हणजे काही झरे फार जुने असतील, काहींचे पावित्र्य ख्रिस्ती काळातच घडले असेल. सर्वांना एकच जन्मकथा देता येत नाही.

संत ब्रिजिडच्या बाबतीत हा गोंधळ सर्वाधिक होतो. ती ‘वेष बदललेली देवी’ आहे हे इतक्यांदा सांगितले जाते की कालक्रम कोणी पाहतच नाही. संत ब्रिजिडचे कोगितोसस नावाच्या लेखकाने लिहिलेले चरित्र सातव्या शतकातले आहे. ब्रिजिड नावाच्या देवीचा प्रसिद्ध उल्लेख येतो तो इ. स. ९०० च्या सुमाराच्या ‘कॉर्मकच्या शब्दकोशा’त. यावरून देवी नंतरची ठरते असे मी म्हणत नाही, कारण आठवण लेखनाच्या आधीची असू शकते. परंतु ज्या गोष्टीचा लेखी आधार उलट्या क्रमाने येतो, ती सिद्ध झाल्यासारखी सांगू नये.

‘चर्चने बळकावल्या’ हे विधान मात्र सर्वांत दुबळे आहे, कारण नोंदी नेमकी उलटी कथा सांगतात. संताच्या दिवशी झऱ्यावर भरणाऱ्या जत्रेला ‘पॅटर्न’ म्हणतात. संरक्षक संत या अर्थाच्या ‘पेट्रन’ शब्दाचेच ते रूप. या जत्रांत प्रार्थनेइतकेच नाच, मद्य आणि मारामाऱ्याही असत. १६६० मध्ये ट्युअम येथील कॅथलिक धर्मसभेने झऱ्यांवरच्या नाचगाण्याला मनाई केली. १७०४ च्या कायद्याने तर तेथे जमणेच बेकायदा ठरवले : १० शिलिंग दंड, आणि तो न भरल्यास फटके. एकोणिसाव्या शतकातही अनेक पाद्री या जत्रा मोडून काढण्याच्या मागे होते. कॅथलिक धर्मसभा आणि प्रोटेस्टंट सरकार या दोघांचाही रोष पत्करून परंपरा टिकली, ती आजूबाजूच्या गावकऱ्यांमुळे. त्यांना या दाव्यात कोठेच जागा नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

प्रदक्षिणेचा मुद्दा मराठी वाचकाला भुरळ घालणारा आहे. झऱ्याभोवतीच्या फेऱ्या सूर्याच्या दिशेने, म्हणजे झरा उजव्या हाताला ठेवून घालतात; फेरी चुकू नये म्हणून हातातले खडे एकेक करून टाकतात आणि ‘आमच्या बापा’ व ‘नमो मरिया’ या ख्रिस्ती प्रार्थना म्हणत जातात. या दिशेला आयरिशमध्ये ‘देशल’ म्हणतात. त्यातला ‘देस’ म्हणजे उजवा, आणि दक्षिणही. आपल्या ‘दक्षिण’ शब्दाचेही संस्कृतात हेच दोन अर्थ आहेत, कारण पूर्वेकडे तोंड केले की दक्षिण उजव्या हाताला येते. हे शब्द खरोखरच एका मुळाचे आहेत. मात्र त्यातून भाषांचे नाते सिद्ध होते, विधी एकाने दुसऱ्याकडून घेतल्याचे होत नाही. उत्तर गोलार्धात सूर्य बहुतेक सर्वांना त्याच बाजूने फिरताना दिसतो.

राहिली फीत. परंपरेत ती फीत नसून चिंधी असते, आणि तीही आजारी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची. ती झऱ्याच्या पाण्यात भिजवून दुखऱ्या जागेला लावायची आणि झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल तसा आजार विरत जातो, अशी समजूत. दुसऱ्याची चिंधी काढली तर त्याचे दुखणे आपल्याला जडते, असेही मानतात. नायलॉनची फीत कुजत नाही. ती फांदीला काचते आणि विधीचा अर्थच उलटा करते. शिवाय झरे सरसकट ‘इच्छा’ पुरवीत नाहीत. डोळ्यांसाठी ‘टोबर ना सूल’ नावाचे झरे ठिकठिकाणी आहेत, तर केरी परगण्यात ‘वेड्यांची दरी’ म्हणवणाऱ्या दरीतला झरा मनाच्या आजारांसाठी सांगितला जातो. झऱ्यात कपडे धुऊन त्याचा अपमान केला की तो रात्रीतून जागा बदलतो, ही कथाही अनेक गावांत आहे.

क्लेअर परगण्यातील लिस्कॅनरजवळ ब्रिजिडचा झरा आहे. एका छोट्या, छत घातलेल्या बोळातून पाण्यापर्यंत जावे लागते, आणि बोळाच्या दोन्ही भिंती जपमाळांनी, मूर्तींनी, ओल लागून कडा वळलेल्या स्मृतिपत्रांनी आणि माणसांच्या फोटोंनी भरलेल्या आहेत. फीत घेऊन आलेला प्रवासी आणि घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायला आलेली बाई, दोघांनाही त्याच बोळातून जायचे असते, आणि वाट आधी कोणी द्यावी हे ठरवायला ड्रुइडांची गरज पडत नाही.