आकडा विचारण्याआधी वेळ विचारा

आज एचआयव्हीच्या तपासणीला गेलो असता हाती दिलेल्या अर्जातला पहिलाच प्रश्न होता, ‘आजवर किती पुरुषांशी संबंध आले?’ तो वाचला आणि दहा वर्षांपूर्वीची सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली. आदल्या रात्री कंडोम फाटला होता, मी घाबरून डॉक्टरांकडे धावलो होतो. त्यांनी हाच आकडा विचारला, कपाळाला आठी घातली आणि ‘तीन महिन्यांनी तपासणी करा’ असे सांगून माझी बोळवण केली.

पेप, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची औषधे, तेव्हाही होती. माझ्या हातात दोन दिवसांहून अधिक वेळ होता. तो त्या खोलीत वाया गेला.

आकड्यावरून काय कळते? एकच जोडीदार असलेल्याला त्याच जोडीदाराकडून लागण होऊ शकते, आणि अनेक जोडीदार असलेला पुरुष प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून संबंधाआधीपासून घ्यायचे औषध, नियमित घेत असेल तर तो एचआयव्हीपासून बराच सुरक्षित असतो. गुदमैथुनात बॉटम, म्हणजे आत घेणारा, असताना धोका टॉपपेक्षा, म्हणजे आत घालणाऱ्यापेक्षा, कितीतरी पटींनी जास्त, मुखमैथुनात नगण्य. हे मात्र कोणी विचारत नाही. एचआयव्हीसह जगणारा जोडीदार उपचार घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडण्याच्या पातळीखाली असेल, तर त्याच्याकडून लागण होत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात 782 पुरुष जोडप्यांच्या कंडोमविना झालेल्या सुमारे 76,000 संबंधांत एकाही जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाली नव्हती. तरीही अशा जोडीदाराचे नाव काढताच चेहरे बदलतात, याचा मला संताप येतो.

जोडीदार वाढले की सिफिलिस आणि परमा (गनोरिया) या लैंगिक आजारांची शक्यता वाढते, प्रेप त्यांना अडवत नाही, म्हणून संख्याही विचारावी लागते, हे मान्य. मग घशाचा आणि गुदद्वाराचा नमुनाही घ्या. नुसत्या लघवीच्या तपासणीत तिथला परमा सुटून जातो.

माझा तीन महिन्यांनंतरचा अहवाल निगेटिव्ह आला. ते नव्वद दिवस मी कोणालाही जवळ येऊ दिले नाही, आईलाही नाही.

आज अर्ज परत देताना मी समुपदेशकाला विचारले, ‘काल रात्री कोणाचा कंडोम फाटला असेल, तर ते यावरून तुम्हाला कळेल का?’ त्याने कागद पुन्हा वाचला, थोडा वेळ गप्प राहिला आणि पहिल्या प्रश्नाच्या वर पेनाने लिहिले, ‘शेवटचा संबंध कधी आला?’