बॅलन्स होता, मुदत नव्हती: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर तोल सुटला असता, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. तुमच्या तक्रारी चार: वडिलांच्या गळ्यात आम्ही कमिशनसाठी प्रीपेड मारलं, करार वाढवला असता तर नवा फोन फुकट मिळत होता तो घालवला, खात्यात बॅलन्स असताना नंबर बंद पडला, आणि विचारायला आलात तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पाकिटावर लिहिलंय, वाचायचं होतं." तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत, मीही सगळ्यांसमोरच लिहितो. फक्त वडिलांचा नंबर आणि बिलांमधले आकडे इथे येणार नाहीत.

मुलगा तसं बोलला. मी विचारलं, त्याने कबूल केलं. त्याबद्दल माफी मागतो. पण सिम त्याने दिलं नव्हतं, मी दिलं होतं, आणि जे सांगायचं राहिलं ते माझ्याकडून राहिलं.

झालं असं. वडील आले तेव्हा त्यांनी बिलांची फाइल आणली होती, प्रत्येक बिलाला उजव्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा घातलेला. असा गिऱ्हाईक वर्षातून एखादा येतो. शेवटची सहा बिलं आम्ही दोघांनी काउंटरवर पसरून पाहिली. त्यांच्याकडून गेलेले कॉल मोजके, डेटा जवळपास शून्य, मेसेज फक्त बँकेकडून येणारे. आणि फोनसकट घेतलेला चोवीस महिन्यांचा करार संपून चौदा महिने झाले होते, तरी हप्ता जसाच्या तसा चालू होता. म्हणजे फोनची किंमत कधीच फिटली होती आणि चौदा महिने ते फिटलेल्या फोनचे पैसे भरत होते. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, खिशातलं पेन काढून तिथे बारीकशी खूण केली. हे फक्त त्यांच्याच बाबतीत झालं असंही नाही. ब्रिटनमध्ये इतके लोक असे भरत राहिले की फेब्रुवारी 2020 पासून तिथल्या दूरसंचार नियामकाने, ऑफकॉमने, करार संपण्याआधी ग्राहकाला तसं कळवणं कंपन्यांना बंधनकारक केलं.

त्यांना प्रीपेड घ्या म्हणालो ते ही बिलं बघून. तो सल्ला मी आजही बदलणार नाही.

बदलेन ते पुढचं. वडिलांनी एकदम मोठा टॉकटाइम भरला आणि म्हणाले, "आता वर्षभर बघायला नको." मी मान हलवली. तिथेच चुकलं. बॅलन्स म्हणजे खात्यातले पैसे आणि मुदत म्हणजे ते खातं किती दिवस जिवंत राहणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या टॉकटाइमच्या रिचार्जवर बऱ्याच कंपन्या मुदत देत नाहीत, दिली तर थोडी देतात. मुदत संपली की साधारणपणे आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग, मग ग्रेसचे, म्हणजे सवलतीचे, काही दिवस, आणि तेही उलटले की नंबर कंपनीकडे परत. कोणता टप्पा किती दिवसांनी, ते कंपनीगणिक वेगळं. आणि नंबर जिवंत ठेवायला बऱ्याच ठिकाणी नुसता मेसेज येणं म्हणजे 'वापर' धरतच नाहीत. फोन करावा लागतो, नाहीतर रिचार्ज.

आता वडिलांचं बघा. ते स्वतःहून फोन करतात कमी, त्यामुळे आउटगोइंग बंद झाल्याचं त्यांना कळलंच नाही, फोन वाजत होताच. मग इनकमिंगही गेलं आणि बँकेचा ओटीपी येईना तेव्हा गडबड लक्षात आली. कंपनीचे इशारे आले होते, मी इनबॉक्स पाहिला. रोज आठ जाहिराती येणाऱ्या इनबॉक्समध्ये तो नववा मेसेज कोण वाचणार?

बॅलन्स असताना कंपनी नंबर काढून कशी घेते, असं तुम्ही लिहिलंय. राग रास्त आहे. पण नंबर कंपनीच्या मालकीचा नसतो. नियामक तिला गठ्ठ्याने नंबर वापरायला देतो आणि पडून राहिलेला नंबर ती पुन्हा फिरवते. अमेरिकेत नियम आहे की बंद झालेला नंबर किमान 45 दिवस दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आधीच्या माणसाचे फोन नव्याच्या गळ्यात पडू नयेत म्हणून हे केलंय. पण बँकेला जोडलेला नंबर त्यानंतर परक्याच्या हातात जाऊ शकतो, हे त्याच नियमातून निघतं. तुमचं नशीब एवढंच की आपण ग्रेसच्या दिवसांत होतो. अकरा दिवस मनस्ताप झाला, नंबर मात्र हातचा गेला नाही.

आता 'फुकट' फोनबद्दल. ताई, मोबाइलच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, फुकट फोन अजून बघायचाय. फोनची किंमत हप्त्यात विरघळवलेली असते. खात्री करायची सोपी रीत आहे, कुठल्याही दुकानात, कुठल्याही कंपनीसाठी चालते: त्याच कंपनीचा, तेवढ्याच मिनिटांचा आणि डेटाचा, पण फोन नसलेला प्लॅन शोधा. करारातल्या मासिक आकड्यातून तो वजा करा. उरलेल्याला चोवीसने गुणा आणि सुरुवातीला भरायचे पैसे असतील तर त्यात मिळवा. जे येईल ती फोनची खरी किंमत. तोच फोन रोखीने कितीला मिळतो ते शेजारी लिहा. कधी करार स्वस्त पडतो, हेही सांगतो, विशेषतः नवं मॉडेल बाजारात येऊन जुन्याचा साठा खपवायचा असतो तेव्हा. वडिलांना दाखवलेल्या ऑफरमध्ये पडत नव्हता. हिशेबाचा कागद त्यांच्या फाइलमध्ये शेवटच्या बिलाच्या मागे आहे, माझ्याच अक्षरात.

आणि चोवीस महिने म्हणजे चोवीस महिने. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचा हिशेब मागतात. युरोपीय संघात ग्राहकाला सुरुवातीला चोवीस महिन्यांहून जास्त बांधता येत नाही, कॅनडात 2013 च्या नियमांनंतर दोन वर्षं झाली की करार मोडण्याचा दंडच लागत नाही. हे नियम आपोआप आले नाहीत, लोक तीन-तीन वर्षं अडकत होते म्हणून आले. सत्तरीच्या माणसाला नको असलेल्या फोनसाठी दोन वर्षं बांधून घेणं मला पटलं नाही. माझं मत आहे, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

कमिशनचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मात्र हसू आलं. उलटं आहे हो. एका करारावर दुकानाला जे सुटतं ते ढीगभर रिचार्ज मारून सुटत नाही, शिवाय महिन्याचं टार्गेट मानेवर. वर गिऱ्हाइकाने पहिल्या काही महिन्यांत करार मोडला तर दिलेलं कमिशन कंपनी परत कापते. म्हणूनच "मध्येच सोडता येईल का?" असं कुणी विचारलं की आमच्यातले बरेच जण कव्हर आणि स्क्रीनगार्ड दाखवायला लागतात. वडिलांना प्रीपेड देऊन त्या महिन्याचं माझं टार्गेट एकाने कमीच भरलं.

प्रीपेड सगळ्यांना चांगलं असं मी कुणाला सांगत नाही. घरातले चार-पाच नंबर एका बिलावर हवे असतील, कामासाठी बिल दाखवून पैसे परत मिळत असतील, सारखं परदेशी जावं लागत असेल तर पोस्टपेड बघा. गर्दीच्या वेळी काही कंपन्या प्रीपेडवाल्यांचा डेटा मागे ठेवतात, तेही विचारून घ्यावं. आणि आठवण ठेवणं जमत नसेल तर दहादा विचार करावा.

या आठवणीवर थोडं थांबतो, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. 1995 साली पोर्तुगालमध्ये टीएमएन कंपनीने 'मिमो' नावाने प्रीपेड आणलं, मग ते जगभर पसरलं. पैसे आधीच हातात, त्यामुळे कंपनीला बिल थकायची भीती नाही, पगाराची स्लिप किंवा हमी मागायची गरज नाही. लाखो लोकांना त्यामुळेच पहिल्यांदा स्वतःचा नंबर मिळाला. पण बिल जसं गेलं तशी बिलाबरोबर दर महिन्याला दारात येणारी आठवणही गेली. ती आता गिऱ्हाइकाने ठेवायची. बिलं दोऱ्यात ओवून ठेवणाऱ्या माणसाला ती तारीख लिहून द्यायला मला अर्धा मिनिट लागला असता, आणि त्यांनी ती नक्की पाळली असती.

तेव्हापासून एक बदल केलाय. सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढतो, ते कार्ड आम्ही आधी कचऱ्यात टाकायचो. आता त्याच्या मागे मार्करने मुदतीची तारीख लिहून ते गिऱ्हाइकाला देतो, आणि त्याच्याच फोनमध्ये तीन दिवस आधीचा गजर लावून देतो. घरच्या कुणाचा नंबर दिला तर आठवण त्यांनाही पाठवतो.

वडिलांसाठी मी दोन गोष्टी करून ठेवल्या आहेत. त्यांच्या कंपनीत वर्षभराच्या मुदतीचा कमी डेटाचा प्लॅन आहे, तो मी सुचवतो. दर महिन्याची कटकट नको. अकरा दिवस गेले त्याची भरपाई म्हणून ते रिचार्ज दुकानाकडून. दुसरं, करार संपलेला तो जुना हँडसेट अजून लॉक आहे, दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाही. पैसे फिटलेला फोन लॉक ठेवण्यात काही अर्थ नाही, म्हणून अनलॉक कोडसाठी अर्ज भरून ठेवलाय. त्यावर वडिलांची सही लागेल. त्यांना घेऊन कधीही या, फाइल आणि जुना फोन दोन्ही आणा. आणि तारीख लिहिलेलं कार्ड ओवायला त्या फाइलचा दोरा थोडा मोकळा ठेवायला सांगा.