‘मैदानात उतरून बघा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

लहान मुलांच्या लसीकरणासाठी लोकांशी कसं बोलावं, या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांची मोठी प्रतिक्रिया आली. उत्तर तिथेच लिहायला बसले होते, ते लांबलं म्हणून इथे टाकते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आरोग्य केंद्रातल्या पोस्टरांचा काडीचा उपयोग नाही. लोकांमध्ये लसीची मागणी वाढवणं म्हणजे साबण खपवण्यासारखी जाहिरातबाजी. त्या पैशात नर्सची रिकामी पदं भरा. पोलिओ लसीमुळे गेला, घोषणांमुळे नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेसुद्धा २०१९ मध्ये शाळांमधली गोवर-रुबेला मोहीम थांबवली होती. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘लस वेळेवर मिळाली तर आया आपणहून रांग लावतात, त्यांना पटवायला कोणी लागत नाही. ताई, लॅपटॉप मिटून एकदा मैदानात उतरून बघा.’

सर, पोस्टरांचं मान्य. केंद्राच्या आतल्या भिंतीवरचं पोस्टर जी बाई वाचते ती बाळाला घेऊन आलेलीच असते. ते पैसे दुसरीकडे लावता आले असते.

पण ‘मैदानात उतरून बघा’ हे आपण कोणाला सांगतोय, याची थोडी चौकशी केली असतीत तर बरं झालं असतं. माझी पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रावर, एएनएम म्हणजे गावपातळीवरची नर्स म्हणून. लसीचा डबा खांद्याला लावून मी तांड्यांवर चालत गेले आहे. आत बर्फाच्या पॅकमध्ये लस असायची आणि ऊन चढायच्या आत सत्र सुरू करायची घाई असायची. लग्नानंतर मुंबईत आले, वस्त्यांमध्ये काम केलं, पुढे आरोग्य सेविकांना शिकवायला लागले. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हाही मी घरोघर फिरत होते. लॅपटॉप माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. हे मिरवायला सांगत नाही. तुमच्या वाक्याचा राग आला म्हणून सांगते.

आता रांगेबद्दल. रांग लागते, हो. दीड महिन्याच्या पहिल्या पेंटाव्हॅलंटला, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीला, छान लागते. अडीच महिन्यांच्या डोसाला ती विरळ होते. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाला काही घरांतून कोणी फिरकतच नाही. केंद्र तेच, वार तोच, नर्सही तीच. मग मधे झालं काय? ताप आला. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या लसीने बाळ तापतं, मांडी लाल होते, कधी गाठ येते. एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. हे नर्सला माहीत असतं. आईला कोणी सांगितलेलं नसेल, तर तिने खेळतं बाळ केंद्रात नेलं आणि दुखणाईत बाळ घरी आणलं, एवढंच तिला दिसतं. सासू म्हणते, पुन्हा न्यायचं नाही. नवरा रात्रभर जागलेला असतो आणि सकाळी त्याचा रोज बुडतो. अशा घरासमोर तुम्ही लसीची गाडी रोज उभी केलीत तरी त्या घरातून कोणी बाहेर येणार नाही.

गोवंडीतलं एक दार मला चांगलं आठवतं. आत बाई, कडेवर दहा-अकरा महिन्यांची मुलगी, दार अर्धं लोटलेलं. यादीत त्या घरापुढे ‘नकार’ लिहिलेलं होतं. माझ्याबरोबरच्या सेविकेने गोवराचं नावच काढलं नाही. तिने विचारलं, पहिली सुई दिली तेव्हा काय झालं होतं? बाई बोलायला लागली. पोर रात्रभर रडली, मांडी एवढी झाली (तिने हाताने दाखवलं), भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी ओरडले. दुसऱ्या दिवशी विचारायला गेली तर ‘ताप येणारच, त्यात काय’ म्हणून परत पाठवली. सेविकेने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की या लसीनंतरही ताप येऊ शकतो, औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते लिहून देते, सुईच्या जागी चोळायचं नाही, थंड पाण्याची घडी ठेवायची, आणि रात्री काही वाटलं तर मला फोन करा. त्यावर ती बाई आत गेली आणि मुलीचं लसीकरणाचं कार्ड घेऊन आली. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं, एक डाग नाही. यादीत जिच्या नावापुढे नकार होता तिने कार्ड असं जपलं होतं, सर. सेविकेने त्याच्या मागे स्वतःचा नंबर लिहिला. मुलीला लस मिळाली.

‘पटवायला कोणी लागत नाही’ हे तुम्ही गरीब आयांचा मान राखण्यासाठी लिहिलं असेल, असं मी धरून चालते. पण त्यात त्यांचा मान राहत नाही. त्या बाईला प्रश्न होता. तो विचारायचा तिला हक्क आहे आणि उत्तर द्यायचं काम कोणाचं तरी आहे. आम्ही सेविकांना शिकवतो ते एवढंच: सुई दिल्यावर आईला चार गोष्टी सांगा. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा, येताना आणा. मग अर्धा तास बसवून ठेवा. याला दोन मिनिटं लागतात आणि गर्दीच्या दिवशी पहिली कात्री याच दोन मिनिटांना लागते. माझा अख्खा लेख या दोन मिनिटांसाठी होता. त्याला तुम्ही साबणाची जाहिरात म्हणालात. याचं मला खरंच वाईट वाटलं.

पोलिओचं थोडक्यात. २०१० मध्ये नवी बायव्हॅलंट (पोलिओच्या दोन प्रकारच्या विषाणूंवरची) लस आली, तिचा वाटा मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याआधी कितीतरी वर्षं पश्चिम उत्तर प्रदेशात थेंब दारापर्यंत पोचत होते आणि दार उघडत नव्हतं, कारण या थेंबांनी मुलं पुढे वांझ होतात अशी अफवा होती. ती घोषणेने गेली नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. ती गेली त्याच मोहल्ल्यातल्या बायका पुन्हा पुन्हा त्याच घरी जाऊन बसल्या म्हणून, इमाम बोलले म्हणून, अलीगढ आणि जामियासारख्या विद्यापीठांतली माणसं सोबत आली म्हणून. नकाराच्या घरावर खडूने ‘एक्स’ लिहायचे. मुलांनी डोस घेतला की त्याचा ‘पी’ व्हायचा. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. हे काम तुम्ही एका ओळीत पुसून टाकलंत.

रिकाम्या पदांबद्दल माझ्या लेखात काही नव्हतं, कारण लेख त्यावर नव्हता. नर्स हव्यात, कोणी नको म्हटलंय? प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट यावी ही अपेक्षाच मला कळत नाही.

राहिला दिल्लीचा निकाल. तो तुम्ही माझ्याविरुद्ध दिलात, पण जरा पूर्ण वाचा. न्यायालयाने लस वाईट असं म्हटलेलं नाही. पालकांची संमती गृहीत धरू नका, त्यांना फायद्याबरोबर संभाव्य त्रासही सांगा, असं म्हटलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये हीच मोहीम शाळांमधून सुरू झाली तेव्हा पालकांच्या व्हॉट्सॲपवर अफवांचा पूर आला होता. ज्या शाळांनी आधी पालकसभा घेऊन डॉक्टरांना प्रश्नांसमोर बसवलं, तिथे आमचं काम सोपं गेलं. ज्यांनी नुसती चिठ्ठी पाठवली, तिथे वर्ग अर्धे रिकामे होते. पालकांना आधी सगळं सांगा, हे न्यायालय म्हणालं आणि मीही तेच लिहिलं होतं.

तुमच्या शेवटच्या तीन ओळी माझ्याबद्दल आहेत, लसीबद्दल नाहीत. त्यांना उत्तर देत नाही.