पेन्शनर पुण्यात, कर वॉशिंग्टनचा

अमेरिकेत तूट कमी करायचा विषय निघाला की फिरून फिरून एका सवलतीवर बोट ठेवलं जातं. कंपनी आपल्या माणसांच्या आरोग्य विम्याचा जो हप्ता भरते, तो त्यांच्या उत्पन्नात धरला जात नाही आणि त्यावर कर लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारी बंधन होतं, तेव्हा कंपन्या विमा देऊन माणसं टिकवू लागल्या. १९५४ च्या करसंहितेने ही सवलत पक्की केली. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी ती काढून कुटुंबामागे ५,००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट वळती होणारी रक्कम, द्यायचं सुचवलं. २०१० च्या ओबामाकेअर या आरोग्य विमा कायद्यात महागड्या विम्यावर ४० टक्के कर आला, म्हणजे ‘कॅडिलॅक टॅक्स’. तो २०१८ पासून लागू व्हायचा होता; दोनदा पुढे ढकलला आणि डिसेंबर २०१९ मध्ये एक डॉलरही वसूल न होता रद्द झाला. सवलत एवढी मोठी आहे की हा विषय पुन्हा निघणारच.

अर्थतज्ज्ञांचा मुद्दा साधा आहे: विमा करमुक्त असला की लोक गरजेपेक्षा भारी विमा घेतात आणि उपचारही जास्त करून घेतात. शिकागोच्या ऑफिसातल्या माणसाबद्दल हे मला बऱ्यापैकी पटतं. पण अमेरिकेत नोकरी करून, तिथलं नागरिकत्व घेऊन (म्हणजे कुठेही राहिलं तरी तिथला कर लागूच), निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्या जोडप्याचं काय? त्यांच्या विम्याचा हप्ता ठरतो अमेरिकेतल्या दरांवर, आणि गुडघा बदलला जातो कर्वे रोडच्या आसपास, त्या खर्चाच्या एका तुकड्यात. कर लागेल तो हप्त्यावर. उपचारांची चैन ते करतच नाहीत, तर आवर कशाला घालायचा?

त्यात मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर, दोन-चार अपवाद सोडले तर, पैसे देत नाही. म्हणून जुन्या नोकरीतून मिळालेला विमा हाच भारतात राहणाऱ्याचा खरा आधार. कॅडिलॅक टॅक्सच्या मसुद्यात इथेच मेख होती. विम्याच्या वर्षाच्या किमतीची करमुक्त मर्यादा एकट्यासाठी १०,२०० आणि कुटुंबासाठी २७,५०० डॉलर. निवृत्तांसाठी ती वाढवून ११,८५० आणि ३०,९५० केली होती, पण अट अशी की वय ५५ पूर्ण हवं आणि मेडिकेअरची पात्रता नसावी. म्हणजे पासष्टी उलटलेला माणूस पुण्यात असला, मेडिकेअर त्याच्या काडीच्या उपयोगाचं नसलं, तरी कागदोपत्री तो पात्र. वाढीव मर्यादा गेली. परदेशी नेमणुकीवरच्या नोकरदारांच्या विम्याला २०१४ च्या वेगळ्या कायद्याने बरीच सूट मिळाली. निवृत्त होऊन परदेशात राहणाऱ्यांची आठवण कोणाला झाली नाही.

उद्या कंपनीचा वाटा सरळ उत्पन्नात धरायचा ठरला तर हिशोब आणखी अडचणीचा होतो. समजा वाटा वर्षाला ९,००० डॉलर आहे आणि जोडपं १२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. वरवर कर १,०८० डॉलर. पण सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, किती भाग करपात्र, हे बाकीच्या उत्पन्नावर ठरतं. जोडप्यासाठी त्याचे टप्पे ३२,००० आणि ४४,००० डॉलर आहेत. पहिला १९८३ चा, दुसरा १९९३ चा, आणि महागाईप्रमाणे ते कधीच वाढवलेले नाहीत. वरचा टप्पा ओलांडला की वाढलेल्या प्रत्येक डॉलरमागे सोशल सिक्युरिटीचे ८५ सेंटपर्यंत करात ओढले जातात. ९,००० चे १६,६५० होतात आणि कर १,९९८. हातात एक डॉलर न येता!

परदेशात राहणाऱ्यांना मिळणारी कमाईची वजावट इथे चालत नाही. ती नोकरी-धंद्याच्या कमाईला आहे, पेन्शनला नाही. आणि भारताने हा वाटा उत्पन्न मानला नाही, तर त्यावर भारतात कर भरलेला नसणार. मग अमेरिकेत क्रेडिट मागायचं कशाचं? शिवाय आकडा तरी कुठून आणायचा? नोकरदाराला निदान विम्याची पूर्ण किंमत, कंपनीचा आणि त्याचा वाटा मिळून, पगाराच्या डब्ल्यू-२ फॉर्मच्या १२ नंबरच्या चौकटीत ‘डीडी’ खुणेखाली दिसते. निवृत्ताला पेन्शनचा १०९९-आर फॉर्म येतो, त्यात तीही नसते. जुन्या कंपनीला पत्र टाकून कोब्राचा दर मागवायचा, म्हणजे नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा दर. त्यात २ टक्के व्यवस्थापन खर्च असतो, म्हणून १.०२ ने भागलं की विम्याची पूर्ण किंमत निघते. त्यातून स्वतःचा हप्ता वजा केला की राहिला तो कंपनीचा वाटा.

इकडे भारतातली चर्चा उलट दिशेची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर तो कायम आहे. त्यामुळे ‘अमेरिकेचा विमा सोडा, इथलाच घ्या’ असा सल्ला परतलेल्यांना सर्रास मिळतो. ऐकण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. मधुमेह, रक्तदाब अशा आधीच्या आजारांसाठी इथल्या पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. आणि अमेरिकन सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्याने तिथला विमा एकदा रद्द केला, तर तो सहसा परत मिळत नाही. घ्यायचीच असेल तर इथली पॉलिसी आधी घ्यावी, थांबायची मुदत संपू द्यावी, मग तिकडच्याचं बघावं.

मेडिकेअरच्या पार्ट बीचंही, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा खर्च उचलणाऱ्या भागाचंही, असंच. जुन्या नोकरीचा विमा आहे म्हणून तो टाळला, तर दर पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के दंड, तोही कायमचा. २०२५ मध्ये हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता. पाच वर्षं उशीर केलेल्याला तो २७७.५० पडला असता. मुलांकडे परत जायची शक्यता असेल तर हा आकडा आधी मांडून बघावा.

क्लेमच्या बाबतीत बहुतेकांचं अडतं ते बिलावर. कॅशलेस सहसा मिळत नाही. आधी भरायचं, मग मागायचं. हॉस्पिटल ‘पॅकेज’ म्हणून एका ओळीत रक्कम लिहून देतं आणि विमा कंपनी ते परत पाठवते. डिस्चार्जच्या दिवशीच खोली, औषधं, तपासण्या, सर्जनची फी असं सुटं बिल, इम्प्लांटचं स्टिकर, पैसे भरल्याची पावती आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेलं डिस्चार्ज कार्ड मागून घ्यावं. महिन्याभराने मागायला गेलं की बिलिंगवाले हात वर करतात. अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नये. डॉलरचा चेक इथे वटवणं म्हणजे जिवाला ताप.

सवलतीला मर्यादा घालायला माझा विरोध नाही. मागणी एवढीच की परदेशी राहणाऱ्या निवृत्तांना वेगळं काढा. हे जमत नाही असं अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सांगू नये: २०२२ च्या टपाल खात्याच्या कायद्यात नव्या निवृत्तांना विम्यासाठी पार्ट बी सक्तीचा केला, तेव्हा अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना त्याच कायद्यात वगळलं होतं.