प्रीप्रोसेस नको, रॉ लावा? असलं फॉरवर्ड करणं थांबवा

भाचीची पहिलीच नोकरी, ऐरोलीला. शनिवारी नौपाड्याला घरी आली ती लॅपटॉप घेऊनच, म्हणे मावशी हे बघ, आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय. ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटसाठी (पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या फाइलसाठी) चार नियम होते: प्रीप्रोसेस (टेम्प्लेटला व्हेरिएबल तयार करून देणारं फंक्शन) लिहू नका, साइट स्लो होते, टायटल-प्रीफिक्स, टायटल-सफिक्स (शीर्षकाच्या आधी-नंतर छापायची व्हेरिएबल्स) कचरा आहे, काढा, व्हेरिएबल हवं तर कोअरची, म्हणजे ड्रुपलची मूळ फाइल बदला, आणि फील्डची व्हॅल्यू थेट नोडमधून (नोड म्हणजे साइटवरचा एक लेख किंवा नोंद) उचलून 'रॉ' फिल्टर, म्हणजे मजकूर आहे तसाच छापणारा, लावा. तिने तसं केलंही होतं. नवीन पोरांना हे शिकवताय?

रॉचंच आधी घेते. ड्रुपल युजरचा मजकूर डेटाबेसमध्ये जसाच्या तसा ठेवतं, नको ते टॅग काढले जातात ते दाखवताना, टेक्स्ट फॉरमॅटच्या फिल्टरमधून. 'कंटेंट' व्हेरिएबलमधून बॉडी छापली की ते फिल्टर लागतात, नोडमधून थेट उचलली की लागत नाहीत, मग राहतं फक्त ट्विगचं (टेम्प्लेटची भाषा) ऑटोएस्केप, म्हणजे टॅग नुसती अक्षरं म्हणून छापणं, आणि रॉ लावून तुम्ही तेही बंद करता. तिच्या लोकल कॉपीत साधा मेंबर म्हणून लॉगिन केलं, तक्रारीच्या फॉर्ममध्ये स्क्रिप्ट टॅगात (ब्राउझरमध्ये कोड चालवणारा टॅग) अलर्ट लिहिला, सेव्ह केलं आणि पान उघडताच पॉपअप. टेम्प्लेटमध्ये परत कंटेंटमधली बॉडी लावली, कॅश क्लिअर केली, तर तोच अलर्ट नुसती अक्षरं म्हणून पानावर पडलेला. पोरीचा चेहराच उतरला. अलर्टच्या जागी दुसरं काही असतं आणि ते पान अ‍ॅडमिनने उघडलं असतं तर?

टायटल-सफिक्स काढलंत की एडिटरला टायटलजवळ दिसणारी पेन्सिल गेली, कारण कॉन्टेक्स्चुअल लिंक (जागेवरूनच एडिट करायच्या) तिथूनच येतात. कोअरमधला बदल पुढच्या अपडेटला उडतो, टेम्प्लेट आपल्या थीममध्ये कॉपी करायची असते.

स्लो होण्याचं अर्धं खरं आहे, मान्य. नोडच्या प्रीप्रोसेसमध्ये डेटाबेसची क्वेरी टाकलीत आणि यादीत 20 नोड असले तर कॅश नसताना ती 20 वेळा चालणार. मग क्वेरी तिथे टाकू नका ना, प्रीप्रोसेस कशाला सोडता?

आणि कोअरमधली नोडची ट्विग फाइल उघडून वरची कॉमेंट तरी वाचा. लेबल, यूआरएल, कंटेंट, अ‍ॅट्रिब्यूट्स, तयार मिळणारी सगळी व्हेरिएबल्स तिथे लिहिलीत, ती कुठल्या प्रीप्रोसेस फंक्शनमधून येतात तेही. नोडवर गेट, हॅज, इज ने सुरू होणाऱ्या आणि मोजक्याच मेथड चालतात, डिलीट बोलावलंत तर एक्सेप्शन येईल, हेही तिथेच आहे. म्हणजे टेम्प्लेट फक्त दाखवण्यासाठी, हे कोअरवाल्यांनीच ठरवलंय. भाचीने रविवारी बसून सगळे रॉ काढले, सात टेम्प्लेटमध्ये होते. ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलात तिथेच आता दुरुस्तीही टाका.