'द शायनिंग'मधली ती खुर्ची

काल रात्री 'द शायनिंग' हा स्टॅनली कुब्रिकचा भयपट पुन्हा पाहिला आणि नंतर त्याच्यावरचं लिखाण वाचत बसले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

हॉटेलची राखण करायला आलेला लेखक जॅक तिथल्या त्या अवाढव्य दिवाणखान्यात टाइप करत बसलाय आणि त्याची बायको वेंडी येऊन बोलायला लागते, तो प्रसंग आठवा. जॅकच्या मागे भिंतीशी एक खुर्ची आहे. मध्ये वेंडी दिसते, पुन्हा जॅक, आणि खुर्ची नाही. थोड्या वेळाने ती परत जागेवर! यावर लोकांनी केवढे अर्थ लावलेत. भुताने हलवली, जॅकचं डोकं फिरतंय, कुब्रिक आपल्याला काही सुचवतोय. २०१२ साली असल्याच अर्थांवर 'रूम २३७' हा अख्खा माहितीपट आला.

मी सात वर्षं मराठी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळली, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटमध्ये तशाच आहेत ना हे बघणं. पदर कसा होता, कपात चहा किती उरला होता, टिकली कुठली, सगळ्याची नोंद आणि फोटो. त्या अनुभवावरून मला वाटतं की ती खुर्ची लाइट लावताना कुणीतरी सरकवली आणि परत ठेवायची राहिली. जॅकची बाजू आणि वेंडीची बाजू वेगवेगळी शूट होते, मध्ये लाइट बदलतात, जेवणाची सुट्टी होते. कुब्रिक तर एकेका शॉटचे डझनावारी टेक घेणारा माणूस, लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत हे शूटिंग जवळपास वर्षभर चाललं. एवढ्या टेकमधून निवडताना संकलक नटाचा चेहरा बघतो, मागची खुर्ची नाही. आणि माझ्या मते त्याने तेच करावं.

बाथरूमचं दारही तसंच. जॅक कुऱ्हाडीने एक फळी फोडतो, जरा वेळाने पाहावं तर दोन्ही फुटलेल्या. मधला शॉट कापला गेला असणार. टाइपरायटरचा रंगसुद्धा बदलतो.

सगळंच चुकून झालंय असं मात्र मी म्हणत नाही. मॅनेजरच्या ऑफिसला खिडकी आहे, आणि हॉटेलचा नकाशा डोक्यात मांडला तर तिथे खिडकी असूच शकत नाही. सेट मुद्दाम असा न जुळणारा बांधला होता, हे कार्यकारी निर्माते यान हार्लन यांनीच सांगितलंय. वास्तूच माणसाला चकवते, ती कल्पना मला फार आवडते. पण म्हणून प्रत्येक सरकलेल्या खुर्चीला तोच मान द्यायचा?

मला खरं खटकतं ते वेगळंच. १९७८चा 'हॅलोवीन' हा भयपट घ्या. गोष्ट अमेरिकेतल्या थंड इलिनॉय राज्यातली, ऑक्टोबरच्या पानगळीतली, शूटिंग कॅलिफोर्नियात, तेही वसंतात, जेमतेम वीसेक दिवसांत. मागे ताडाची झाडं दिसतात, गाड्यांना कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेट आहेत. त्याला सगळे बिनदिक्कत चुका म्हणतात आणि हसतात. तिथे गूढ अर्थ शोधायला कुणी जात नाही, कारण पैसा थोडा होता आणि दिग्दर्शक तेव्हा तरुण होता. हा दुजाभाव मला सहन होत नाही. सेटवर राबणाऱ्यांची धडपड दोन्हीकडे सारखीच असते.

त्या लोकांनी पानगळ दाखवायला पानं तपकिरी रंगवली होती. रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची, पुढच्या जागी पुन्हा पसरायची. आता 'हॅलोवीन' बघाल तेव्हा आधी ती पानं बघा, मग वरची हिरवीगार झाडं.